ओढ्यापलीकडची घंटा

गाव उठलं तेव्हा प्रत्येकाने आधी आपापले देव बाहेर काढले. माणसं मागून निघाली.

गाठीच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत तशी रीतच होती. उंदीर पडायला लागले की चावडीवरून दवंडी फिरायची, गाव खाली करा, आणि मग सगळं गाव ओढा ओलांडून उगवतीच्या माळावर कुडाच्या झोपड्या घालून राहायचं. राज्य निजामाचं, सरकार हैदराबादला, आणि आमच्यातल्या कोणी हैदराबाद पाहिलेलं नव्हतं. साथीत जे काही करायचं ते आपलं आपणच करायचं. बाया देव्हाऱ्यातले चांदीचे टाक टोपलीत ठेवायच्या, त्यांवर खणाचं कापड, टोपली डोक्यावर. ती बाई आधी ओढ्यात उतरायची, तिच्यामागे बाकीचं घर. देव मागे राहिले तर घर पुन्हा नांदत नाही, असं जुनी माणसं म्हणायची.

आमच्या घरात बाहेर काढायला काही नव्हतं. माझा बा मिशनच्या शाळेचा मास्तर, आणि रविवारी त्याच खोलीत उपदेशक. महारवाड्यात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. माझ्या जन्माआधी आईबाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आमचे टाक चुलत्याकडे गेले आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आई तेलाची बुधली ठेवू लागली. तेल काढताना ती उगीच क्षणभर तिथं उभी राहायची. सवय जात नाही माणसाची.

त्या दिवशी चुलती टोपली डोक्यावर घेऊन आमच्या पुढे चालली होती. ओढ्यात पाय टाकता टाकता मागे वळून तिने आईला विचारलं, “आगं, तुमचा देव कुटं हाय?”

“संगं हाय,” आई म्हणाली.

मी लगेच आमच्या सामानाकडे पाहिलं. वाकळांचं गाठोडं, तवा, हांडा, ज्वारीचं पोतं, आणि आईच्या काखेत धाकटा. देव काही दिसला नाही. चुलतीही गाठोड्याकडे बघून पुढे चालू लागली. तिला आमची कीव आली असावी, आणि मला तिचा राग आला. मी जन्माची भांडखोर. पाळण्यात असतानाही मी आधी मूठ वळायची आणि मग रडायची, असं आई सांगायची.

पण त्या वेळी भांडायला सवड नव्हती, कारण बा आमच्याबरोबर आला नव्हता.

गावात एक मोठे शेतकरी होते. वय झालेलं, बायको कधीच गेलेली. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. गाव उठायच्या दिवशीच त्यांच्या काखेत गाठ आली. मुलांनी त्यांना गोठ्यात खाटेवर ठेवलं, उशाशी पाण्याचा डेरा भरला आणि रडत रडत बैलगाड्या जुंपल्या. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पोटची लेकरं वाचवायची की बाप, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

बाला हे कळलं तेव्हा आमचं सामान बांधून झालं होतं. तो म्हणाला, “मी ऱ्हातो.”

आईने हातातलं गाठोडं खाली टाकलं. “तुमीच कावून? ज्यांच्या ओट्याला आपली सावली चालत न्हाई, त्यांच्यापाई?”

“दरसाल नाताळात गोठ्याची गोष्ट मीच सांगतो ना? मंग गोठ्यात कुनी पडलंय म्हनल्यावर मी कसा जाऊ?”

आईने गाठोडं पुन्हा उचललं. तिला त्या गोष्टीचा राग आला असेल तर तो मला समजू शकतो. बा नाताळात उभा राहून सांगायचा की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा: देव आपल्यात राहायला आला आणि आता तो उठून जात नाही. शाळेच्या दाराला आंब्याची पानं आणि झेंडूचं तोरण, सगळ्यांच्या हातावर गूळशेंगदाण्याचा लाडू, आणि टाळांच्या ठेक्यावर बाचं भजन. बाचा आवाज काही गोड नव्हता. पण भजन म्हणताना तो डोळे मिटायचा, तेव्हा मला वाटायचं की त्याला कोणीतरी दिसतंय.

साथीचा दंडक कडक होता. जो आत राहील त्याने साथ हटेपर्यंत ओढा ओलांडायचा नाही. म्हणून बाने जाताना दोन गोष्टी ठरवून दिल्या. शाळेपुढच्या लिंबाला बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा एक तुटका तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. ती तो रोज सकाळी वाजवणार. आणि दिवस मावळायच्या आत ओढ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहणार.

बाची घंटा मी कुठेही ओळखली असती. तो एक ठोका द्यायचा, त्याचा नाद पुरता विरू द्यायचा आणि मगच दुसरा. शाळेतली पोरं कंटाळायची. आता माळावर थंडीत वाकळेत पडल्या पडल्या तो ठोका ऐकला की आई उठून चूल पेटवायची.

दिवस कलायला लागला की आम्ही काठावर जायचो. आई धाकट्याला घेऊन, मी तिच्यापुढे पळत. पलीकडे बाभळीखाली बा उभा असायचा. मध्ये गुडघाभर पाणी. एवढंसं पाणी, बैलसुद्धा शेपूट न भिजवता पार जाईल.

“भाकरी खाल्ली का गं?” बा ओरडून विचारायचा.

“खाल्ली!”

“भांडलीस का आज कुनासंगं?”

“दोघीसंगं!”

“लई कमी झालं!”

मग आई आबांची विचारपूस करायची. बा हसून सांगायचा, “पयल्या दिशी म्हनले, लांब सर. दुसऱ्या दिशी म्हनले, पानी दे. आज म्हनायलेत, पेजंत मीठ कमी हाय.”

आईही हसायची. तिला हसताना बघून बा पलीकडून बघतच राहायचा. दिवस बुडाला की तो हात वर करून गावाकडे वळायचा आणि रिकाम्या गल्लीत दिसेनासा व्हायचा. त्या वेळी मला जे व्हायचं त्याला मी अजून नाव देऊ शकले नाही. पोटात काही नसावं आणि भूकही नसावी, असं काहीसं.

“नाताळाला येशील ना?” मी रोज विचारायची.

“साथ हटली तर येतोच. न्हाई हटली तर घंटा तर वाजंल.”

एका संध्याकाळी झोपडीत प्रार्थना करताना आई नेहमीसारखं म्हणाली की प्रभू, तू आमच्याजवळ आहेस म्हणून तुझे उपकार. मी डोळे उघडले.

“आय, त्यो आपल्याजवळ हाय, मंग बाजवळ कोन हाय?”

“त्योच.”

“एकाच येळी दोन्हीकडं?”

“एकाच येळी.”

“आसं कसं?”

“मला काय म्हाईत कसं!” आई वैतागली. मग जरा थांबून म्हणाली, “मी हांडा घिऊन पान्याला जाते तवा धाकटा माज्या मनात अस्तो का न्हाई? तसंच आसंल.”

मला ते पटलं नाही. मनात असणं वेगळं आणि जवळ असणं वेगळं, हे बा पलीकडे गेल्यापासून मला पक्कं ठाऊक झालं होतं. शेजारच्या झोपडीत चुलतीची टोपली आढ्याला टांगलेली होती. ती इथं होती म्हणून तिच्या घरात नव्हती, इतकं सरळ होतं ते. आमचा देव दिसत नसला म्हणून काय झालं, तोही कुठेतरी एकाच जागी असणार. आणि आई म्हणते तसा तो इथं असेल, तर बा पलीकडे एकटा होता.

मी वाकळ डोक्यावरून घेतली आणि त्याला मनातल्या मनात सांगितलं. तू हितं थांबू नको. हितं आय हाय, चुलती हाय, मानसंच मानसं हायेत. पलीकडं बापाशी कुनी न्हाई. तिकडं जा.

हे सांगणं मला सोपं गेलं नाही. अंधाराची मला फार भीती वाटायची. देव जवळ आहे, झोप, असं म्हणत बा रोज पाठीवर थोपटायचा तेव्हा कुठे माझा डोळा लागायचा. आता बाही नव्हता, आणि मी देवालाही लावून दिलं होतं.

तो खरंच गेला, असं मला वाटलं. झोपडीत जागा मोकळी झाल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवसापासून आईने प्रार्थना सुरू केली की मी डोळे उघडे ठेवून कुडाच्या फटीतून बाहेर बघत बसायची. रिकाम्या जागेशी काय बोलायचं? आईने दोनदा डोळे वटारले, मग सोडून दिलं. मला त्याची आठवण यायची. लहान पोरीला देवाची आठवण यायची, असं सांगितलं तर आज लोक हसतील. पण यायची. घरातलं माणूस परगावी गेल्यावर येते तशीच. एकदा तर हुरडा भाजताना पहिला घास हातात धरून मी बसून राहिले, कारण दरसाल पहिल्या घासाला त्याचं नाव घ्यायचो आणि आता घेऊन काय उपयोग, तो तर पलीकडे होता. पण त्या संध्याकाळी बाभळीखाली बा एकटा दिसला तरी मला तो एकटा वाटला नाही. मी स्वतःवर खूश झाले.

आणि मग नाताळ अगदी तोंडावर आला असताना एका सकाळी घंटा वाजली नाही.

आई चुलीपुढे काडी हातात धरून बसली. ऊन वर आलं तरी चूल पेटली नव्हती. दिवस कलला तसे आम्ही काठावर गेलो. बाभळीखाली कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आई हाका मारत राहिली. शेवटी तिने धाकट्याला माझ्या मांडीवर दिलं आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली. ती निम्म्यात पोचली असेल, तेवढ्यात चुलती मागून धावत आली आणि तिने आईचा दंड धरला.

“लेकरू अंगावर पितंय तुज्या! ह्येला बी न्हेतीस का संगं?”

आई तिथंच उभी राहिली, गुडघाभर पाण्यात. ना इकडे येईना, ना तिकडे जाईना. धाकटा माझ्या मांडीवर रडत होता, आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते. तुला तिकडं कशाला धाडला होता? आमच्याजवळचा तुला उचलून दिला, अंधारात एकटी झोपले, आणि तू तिथं बसून करायलास तरी काय? पण तो जवळ नव्हता, तेव्हा हे भांडणही त्याला ऐकू जात नसणार, या विचाराने मला आणखीच रडू आलं.

चुलतीने त्या दिवशी आमच्यासाठी भाकरी थापल्या. नाताळच्या आदल्या दिवशी गूळही तिनेच दिला. आईने त्याचे लाडू वळले आणि बाचा वाटा पानात बांधून कुडाला खोचून ठेवला.

नाताळच्या सकाळी घंटा वाजली.

मी वाकळ फेकून उठले. “आय, बा! बा बरा झाला!” आईने धाकट्याला उचललं आणि आम्ही दोघी काठाकडे पळत सुटलो. ज्वारीच्या ताटांवर दव होतं, पाय भिजत होते, आणि घंटा वाजतच होती. मी इतकी आनंदात होते की मला काहीच खटकलं नाही. निम्म्या वाटेत आईची पावलं मंदावली. मग ती थांबलीच.

“चल ना!” मी तिचा पदर ओढला.

ती मान तिरपी करून ऐकत होती. ठोके भराभर पडत होते, एकावर एक, देवळात शिरताना माणूस घंटा बडवतो तसे. नाद विरायला कोणी वेळ देत नव्हतं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मलाही ते ऐकू आलं.

आम्ही काठावर जाऊन उभ्या राहिलो. घंटा बंद झाली. बऱ्याच वेळाने गल्लीतून काठी टेकत आबा आले. अंगावर घोंगडी, हाडांचा नुसता सापळा राहिलेला. बाभळीला धरून ते उभे राहिले. त्यांनी आईला याआधी कधी हाक मारली असेल तर ती ‘ए मास्तरच्या घरची’ अशी.

“लेकी,” ते म्हणाले.

आई खाली बसली. तिने विचारलं, “कवा?”

“परवा. गावराखनीला ठिवल्याला चावडीचा जवान व्हता, त्यानं आन मी माती दिली. साळंम्होरच्या लिंबाखाली. तुमच्यातलं मला काय म्हाईत न्हाई, मास्तरनं सांगितल्यालं तेवढं केलं. भितीवर नाताळापातूरच्या दिसांच्या कोळशाच्या रेगा वडून ठिवल्या व्हत्या त्यानं. रोज एक पुसा म्हनला, आन सरतील त्या सकाळी घंटा वाजवा. लेकरं वाट बघत अस्तील म्हनला.” ते दम खात थांबले. “मला निवांत वाजवाया जमली न्हाई, पोरी.”

आईने विचारलं, “लई हाल झाले का?”

“ताप लई व्हता. पर भ्याला न्हाई. कुनाशी तरी बोलायचा सारखा. मी म्हनायचो, मास्तर, हितं माज्याबिगर कुनी न्हाई, तर हासायचा. आन त्यालाच म्हनायचा, हितं माज्यापाशी कावून बसलास, मी बरा हाय. पलीकडं जा. माजी पोरगी अंधाराला भेती, तिच्यापाशी जा.”

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. “मी तर त्याला तिकडं धाडला व्हता!”

आईने माझ्याकडे पाहिलं. “कुनाला?”

मग मी सगळं सांगितलं, रडत, शिंकरत, अर्धं आईला आणि अर्धं पलीकडे ओरडून आबांना. वाकळेत काय म्हटलं, अंधारात कशी पडून राहिले, डोळे का मिटत नव्हते, सगळं. आबा बाभळीला टेकून ऐकत होते. माझं बोलून झालं तेव्हा आई ओढ्याकडे बघत होती. दोन दिवसांपूर्वी जिथं ती स्वतः उभी राहिली होती, तिथल्या पाण्याकडे.

“आगं बाई,” ती म्हणाली, “तू हिकडून हाकललंस, त्यांनी तिकडून हाकललं. मंग एवढ्या थंडीत त्यो ओढ्यातच उबा व्हता की गं!”

आणि ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसताच तिने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. पलीकडे आबांनी घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं. मी आईच्या गळ्याला मिठी मारली. आम्हा दोघींच्या मध्ये धाकटा चिरडला जाऊन ओरडायला लागला, तेव्हा कुठे आम्ही सुट्या झालो.

साथ हटल्यावर गाव परत नांदतं झालं. टोपल्या परत गेल्या, टाक आपापल्या देव्हाऱ्यात बसले. शाळेला दुसरा मास्तर आला, पण नाताळच्या सकाळची घंटा आबा होते तोवर आबाच वाजवायचे. त्यांच्या ओट्यावर मग आम्हाला बसू दिलं का, असं कोणी विचारेल. मुलांनी नाही दिलं. आबा स्वतः खाली उतरून आमच्याजवळ मातीत बसायचे.

आई जिवंत होती तोवर दर नाताळला, उपासनेच्या आधी, ती एकटी ओढ्यावर जायची. पाण्यात उतरायची आणि मधोमध थोडा वेळ उभी राहायची. माहेरपणाला आलेली असले तर मी काठावर बसायची. वर आली की तिचे पाय बर्फासारखे गार असायचे आणि मी ते पदराने पुसायची. एकदा मी विचारलं, “भेटतो का गं?” तर म्हणाली, “तू सोताच उतरून बघ की.”

मी पुढे शिकले, अंबाजोगाईला शिकवायला राहिले. निजामही गेला, गाठीची साथही गेली. आता मी इतकी म्हातारी झाले आहे की ओढ्यापर्यंत चालत जाणं मला होणार नाही, आणि त्याला नाताळापर्यंत पाणी राहत नाही असंही ऐकते. बाचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. बाभळीखालची आकृती आठवते, वर केलेला हात आठवतो. त्याचा घंटेचा ठोका मात्र आठवतो, आणि तो विरेपर्यंतची ती शांतता. ती एकदा पुन्हा ऐकायला मिळावी, एवढंच आता वाटतं. फार वाटतं.

देव दोन्हीकडे असतो, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं आहे, आणि मला ते पटलंही आहे. तरी नाताळच्या पहाटे जाग आली की ती वाकळेतली पोरगी माझ्यात उठून बसते. खोलीत अंधार असतो, आणि अंधाराची भीती मला या वयातही वाटते, हे कोणाला सांगू नका. मी त्याला म्हणते, माझ्यापाशी कशाला बसलास, जा, पलीकडं बा आहे, आता आईही आहे. मग गुमान पडून वाट बघते.

तो काही जात नाही.